फ्रीजर, खोडरबर आणि हार्ड डिस्क

वर्षानुवर्षांची लग्नं, बारशी, साखरपुडे साठवलेली हार्ड डिस्क एके दिवशी संगणकाला दिसेनाशी होते. आतून ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज येतो, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मग उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागते. एक सांगतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. दुसरा म्हणतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेला हळूच ठोक. उलटी करून लाव, खोडरबराने घास, दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून हिला लाव, बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून मग झाकण उघड, असे आणखीही सल्ले येतात. प्रत्येक जण शपथेवर सांगतो की अमक्याची डिस्क याच उपायाने चालू झाली होती.

हे सगळे खोटं बोलत नाहीत. यातल्या जवळजवळ प्रत्येक उपायामागे यंत्रातलं एखादं खरं कारण आहे. मात्र तो उपाय एका विशिष्ट काळातल्या डिस्कच्या विशिष्ट बिघाडावरचा असतो. डिस्कची रचना बदलली, बिघाडही बदलले, उपाय मात्र तोंडोतोंडी तसाच राहिला. त्यामुळे कधीकाळी डेटा वाचवणारी युक्ती आज तोच डेटा कायमचा घालवू शकते. कोणता उपाय कशावरचा आहे, हे नीट समजून घ्यायला हवं ते यासाठी.

खर्डीत हा प्रश्न अधिक अवघड का

शहापूर तालुक्यातल्या खर्डी, आटगाव, कसारा किंवा पलीकडे मुरबाड, सरळगाव या पट्ट्यात संगणक आता नवा राहिलेला नाही. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सची दुकानं, आपले सरकार सेवा केंद्रं, पतपेढ्या, शाळा, सगळीकडे तो आहे. त्यातली सरकारी माहिती तशी सुरक्षित असते. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. तो सरकारी सर्व्हरवर असतो. गावातला संगणक बंद पडला म्हणून कोणाचा सातबारा जात नाही. पण स्टुडिओवाल्याने टिपलेलं लग्न, शिक्षकाने वर्षानुवर्षं जमवलेल्या प्रश्नपत्रिका, गेलेल्या आजीचा एकुलता एक व्हिडिओ, हे कुठल्याच सर्व्हरवर नसतं. ते असतं टेबलाखालच्या सीपीयूत, नाहीतर कपाटातल्या एका बाहेरच्या डिस्कवर.

त्यात इथला पाऊस. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत, यावरून इथे किती पडतो ते कळावं. जूनपासून चार महिने हवा ओलीचिंब असते. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्याला येते, तशी धातूच्या संपर्कबिंदूंवरही काळपट पुटं चढतात. वारं सुटलं की झाड तारांवर पडतं, लाइट जाते, येते, पुन्हा जाते. आणि डेटा काढून देणारी चांगली प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर नाही. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठायचा तर कसारा लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. दिवस मोडतो, खर्च हजारांत जातो. अशा वेळी माणूस घरातल्या उपायाकडे वळला तर त्यात त्याची चूक नाही. तो उपाय पारखून घेतला पाहिजे, एवढंच.

झाकणाच्या आत

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 साली बाजारात आणली. ‘रॅमॅक’ संगणकाच्या त्या कपाटाएवढ्या साठवणयंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून साठवण होती सुमारे 5 एमबी. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो. आकार लहान होत गेला, साठवण लाखो पटींनी वाढली, पण मूळ रचना तीच राहिली: फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिच्यावर सरकणारं हेड.

आज टेबलावरच्या संगणकात जी साडेतीन इंची डिस्क असते, तिची तबकडी बहुधा मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी 125 किलोमीटरच्या वर जातो. या वेगाने तबकडीलगत हवेचा पातळ थर तयार होतो आणि त्या थरावर हेड तरंगतं. आधुनिक डिस्कमध्ये वाचताना-लिहिताना हेड आणि तबकडी यांतलं अंतर पाच नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो. एक मायक्रॉनचा धुळीचा कण डोळ्यांना दिसतही नाही, पण तो 1000 नॅनोमीटरचा. त्या फटीपुढे तो डोंगर आहे.

डिस्कच्या झाकणावर निरखून पाहिलं तर एक बारीक भोक दिसतं आणि त्याशेजारी ‘हे झाकू नका’ अशी इंग्रजी सूचना असते. आतली हवा तापली की प्रसरण पावते, थंड झाली की आकुंचन पावते. दाब सारखा राहावा म्हणून हवेला तिथून ये-जा करता येते. आत धूळ अडवणारी गाळणी असते. धूळ अडते, दमट हवा मात्र आत जाऊ शकते. फ्रीजरच्या उपायाचा विचार करताना हे भोक लक्षात ठेवायला हवं. 2013 नंतर बाजारात आलेल्या हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कांना हे भोक नसतं. त्या पूर्ण बंद असतात.

फ्रीजरचा उपाय

सगळ्यांत गाजलेला उपाय हाच. त्यामागचा विचार असा: थंडीने धातू आकुंचन पावतो. जुन्या डिस्कांच्या मोटरीत बारीक छऱ्यांचे बेअरिंग असत. ते झिजले, उष्णतेने फुगून अडकू लागले, तर थंड केल्यावर थोडा वेळ मोकळे होत. डिस्कखालच्या बोर्डावरच्या एखाद्या सांध्याला बारीक तडा गेला असेल आणि तापल्यावर तो सुटत असेल, तर थंड असेपर्यंत संपर्क टिके. अशी डिस्क दहा-वीस मिनिटं चाले, आणि तेवढ्यात महत्त्वाचे फोल्डर उतरवून घेणारी माणसं खरोखर होती.

पण 2000 नंतरच्या काही वर्षांत छऱ्यांचे बेअरिंग गेले आणि त्यांच्या जागी तेलाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग आले. थंडीत ते तेल घट्ट होतं, म्हणजे मोटरीला मदत होण्याऐवजी अडथळाच होतो. शिवाय आजच्या डिस्कांचे बिघाड बहुतेकदा हेडचे किंवा तबकडीच्या पृष्ठभागाचे असतात. त्यांचा थंडीशी संबंध नाही.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. फ्रीजमधून काढलेला स्टीलचा पेला दोन मिनिटांत बाहेरून घामेजतो, तेच डिस्कचं होतं, आणि तिचं आतूनही होतं. घरातल्या 30 अंशांवरून डिस्क उणे 18 अंशांवर नेली की आतल्या हवेचं आकारमान सुमारे सहाव्या हिश्शाने घटतं. ती जागा भरायला भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. तिच्यातली वाफ तबकडीवर दव किंवा बर्फ होऊन बसते. जुलैत खर्डीच्या हवेत ही वाफ किती असते ते सांगायला नको. पाण्याचा अतिसूक्ष्म थेंबसुद्धा हेडखालच्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो. तबकडी फिरू लागली की हेड त्यावर आदळतं आणि पृष्ठभागावर ओरखडा उठतो. ज्या चुंबकीय थरात तुमचा डेटा असतो, तोच थर भुकटी होऊन निघतो. ते भरून काढणारी विद्या जगात कोणाकडेच नाही.

निकाल स्पष्ट आहे: फ्रीजर आता नको. डिस्क तापल्यावर बंद पडत असेल, तर ती उघड्यावर ठेवून पंख्याचा वारा घालावा. तेवढी थंडी पुरते आणि त्यात दव पडत नाही.

ठोकणं, हिसका देणं, उलटी करणं

1980-90च्या दशकांतल्या वीस-चाळीस एमबीच्या डिस्कांमध्ये संगणक बंद केला की हेड थेट तबकडीवरच टेकत असे. तबकडीवर वंगणाचा अगदी पातळ थर असतो. दोन अतिगुळगुळीत पृष्ठभाग आणि मध्ये वंगण, अशी स्थिती बरेच दिवस राहिली की हेड तबकडीला चिकटून बसे. लहान मोटरीत ते सोडवण्याइतका जोर नसे. मग डिस्क आडवी हातात धरून मनगटाने गर्रकन फिरवायची, किंवा कडेला हळूच ठोकायचं. हेड सुटे, तबकडी फिरू लागे. त्या डिस्कांसाठी हा रास्त उपाय होता आणि जाणते तंत्रज्ञही तो करत.

आता बहुतेक डिस्कांत बंद होताना हेड तबकडीबाहेरच्या एका लहानशा उतारावर चढून बसतं. अचानक लाइट गेली तरी फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून वीज मिळवून हेड तिथवर नेलं जातं. तरीही लॅपटॉपची किंवा बाहेरून लावायची लहान डिस्क चालू असताना पडली, तर हेड तबकडीवरच अडकून राहू शकतं. अशी डिस्क वीज दिली की बारीक ‘पीं-पीं’ आवाज करते. मोटर फिरायचा प्रयत्न करते आणि फिरू शकत नाही. ही जुन्याच चिकटण्याची नवी आवृत्ती वाटते. पण आजचं हेड इतकं नाजूक असतं की हिसका दिला तर ते आपल्या दांडीवरून उखडतं किंवा तबकडीवर ओरखडा ओढतं. ते सोडवायचं तर स्वच्छ खोलीत, खास अवजाराने, तबकडी हळूहळू फिरवत सोडवावं लागतं. ‘पीं-पीं’ करणारी डिस्क ठोकू नये, पुन्हापुन्हा वीजही देऊ नये.

उलटी किंवा कडेवर उभी ठेवून लावणं हा त्या मानाने निरुपद्रवी प्रयोग. झिजलेल्या बेअरिंगवरचा भार बदलल्याने एखादी म्हातारी डिस्क कधी कधी वाचू लागते. वीज बंद असताना डिस्क फिरवून ठेवावी, मग चालू करावी. चालू डिस्क हलवू नये.

खोडरबर: आजही उपयोगी

सगळ्यांत साधा वाटणारा हा उपाय खरोखर कामाचा आहे, आणि आमच्या दमट हवेत तर विशेष. डिस्कच्या खालच्या अंगाला हिरवा किंवा निळा बोर्ड असतो. तो सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेच्या चार-सहा स्क्रूंनी बसवलेला असतो. बोर्ड काढला तरी तबकड्यांचं बंद दालन उघडत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. बोर्ड उलटा केला की आतल्या बाजूला धातूच्या लहान चौकोनी टिकल्यांच्या ओळी दिसतात. दालनातून बाहेर आलेल्या बारीक स्प्रिंगच्या पिना या टिकल्यांवर टेकतात, आणि हेडने वाचलेला सगळा डेटा याच मार्गाने बोर्डावर येतो.

काही वर्षांच्या दमट हवेनंतर या टिकल्या काळ्या पडतात. अनेक बनावटींत हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं: चकचकीत असायला हव्यात तिथे शिळ्या चांदीसारखा काळपट थर, आणि त्यात पिना टेकलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. संपर्क कच्चा झाला की डिस्क मध्येच दिसते, मध्येच गायब होते, किंवा हेडकडून नीट संकेत न मिळाल्याने टकटकते.

शाळेतला मऊ पांढरा खोडरबर घ्यावा. पेनाची शाई खोडणारा खरखरीत नको. हलक्या हाताने, एकाच दिशेने टिकल्या घासाव्यात. रबराचा भुगा मऊ ब्रशने झाडावा, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, पूर्ण वाळू द्यावं आणि बोर्ड पुन्हा बसवावा. काम करण्याआधी नळाला किंवा मातीत टेकलेल्या एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. अशा रीतीने डिस्क चालू झाली तर तिच्यावर विश्वास टाकून ती पुन्हा रोजच्या कामाला घेऊ नये. आधी डेटा उतरवावा.

बोर्ड जळाला तर

बाहेरच्या मोठ्या डिस्कला 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घाईत कोणी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा लावतो, पिन बसते, आणि डिस्क मरते. व्होल्टेज अचानक वाढल्यावरही असंच होतं. पण अशी मेलेली डिस्क अनेकदा जिवंत असते. बोर्डावर वीज येते तिथेच जादा व्होल्टेज स्वतःवर झेलणारे डायोड असतात. 12 व्होल्टच्या मार्गावर एक, 5 व्होल्टच्या मार्गावर एक. जास्त वीज आली की तो डायोड स्वतः शॉर्ट होऊन मागच्या चिप वाचवतो. शॉर्टमुळे अडॅप्टर बंद पडतो आणि डिस्क हूं का चूं करत नाही.

मल्टिमीटरने शॉर्ट झालेला डायोड ओळखून तो काढून टाकला, तर पुष्कळदा डिस्क पहिल्यासारखी फिरते. हे काम शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारातला मोबाइल दुरुस्त करणारा कुशल कारागीरही गरम हवेच्या गनने करू शकतो. त्याचा हात याहून बारीक कामावर बसलेला असतो. मात्र आता ते संरक्षण गेलेलं असतं. बरोबर व्होल्टेजचा अडॅप्टर लावून डेटा उतरवायचा आणि डिस्क निवृत्त करायची.

दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावण्याचा उपाय मात्र जुना झाला. एकाच मॉडेलच्या दोन डिस्क पूर्वी खरोखर सारख्या असत, बोर्ड अदलाबदल करून चालत. नंतरच्या डिस्कांत प्रत्येक हेडचं कारखान्यात केलेलं बारीक समायोजन त्या-त्या बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये नोंदवलेलं असतं. ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर न हलवता बोर्ड बदलला तर डिस्क चालत नाही आणि नुकसानही होऊ शकतं. चिप हलवणारा कारागीर मिळाला तर उपाय आजही लागू पडतो.

झाकण उघडू नये

डिस्क उघडण्याच्या प्रयोगशाळांमध्ये हवा गाळून घेतलेली असते. त्यांच्या जुन्या मोजमापानुसार ‘क्लास 100’ म्हणजे एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नसलेली हवा. आपल्या घरातल्या हवेत तेवढ्याच जागेत असे लाखो कण असू शकतात. बाथरूममध्ये वाफ केली की धूळ खाली बसते, हे खरं. पण मग डिस्क उघडायची ती पाण्याच्या वाफेत. उघड्या डिस्कवर हेड फिरताना दाखवणारे व्हिडिओ पाहून कोणी हे करू नये. ती डिस्क काही मिनिटं चालते आणि त्या मिनिटांतच आत बसलेले कण तबकडी खरवडत असतात. हेलियमच्या डिस्कचं झाकण उघडलं तर आतला वायू निघून जातो आणि हेड तरंगायला लागणारी स्थितीच संपते.

पुरात भिजलेली डिस्क

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीने बदलापूर-कल्याणकडची वस्ती पाण्याखाली घेतली. जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी चिखलातून काढलेली डिस्क उन्हात वाळवायची, हेअर ड्रायरने तापवायची किंवा तांदळाच्या डब्यात पुरायची, असे उपाय होतात. तिन्ही चुकीचे आहेत. पाणी वाळतं, पण त्यातली माती आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात, आणि तांदळाची पूड आणखी भर घालते. भिजलेली डिस्क वाळवू नये, तिला वीज तर मुळीच देऊ नये. ओलसर कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत घालावी आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावी.

योग्य हातात पडली तर डिस्क किती सोसते, याचं उदाहरण कल्पना चावला ज्यात होत्या त्या ‘कोलंबिया’ यानाचं आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी यान वातावरणात शिरताना फुटलं. काही महिन्यांनी एका आटलेल्या तलावाच्या तळाशी सुमारे 400 एमबीची एक डिस्क सापडली. तिचं प्लॅस्टिक वितळलं होतं, झाकणाचा सील गेला होता, आत माती शिरली होती. क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या अभियंत्याने तबकड्या रसायनाने स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ 99 टक्के डेटा परत मिळवला. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या त्या नोंदी होत्या. त्यावरचा शोधनिबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच यानातून सापडलेल्या आणखी दोन डिस्कांतून मात्र काहीच मिळालं नाही. जी वाचली, तिच्या तबकड्या शाबूत होत्या.

संगणकातले ‘उपाय’

अवजारांइतकंच नुकसान कळफलकावरूनही होतं. डिस्क अडखळू लागली की विंडोज ‘चेक डिस्क’ चालवायला सुचवतं आणि आपण ‘येस’ दाबतो. फायलींची मांडणी बिघडली असेल आणि डिस्क धडधाकट असेल, तर हा उपाय ठीक आहे. डिस्कच आजारी असेल तर तासन्‌तास चालणारं हे काम तिच्या हेडला थकवतं आणि वर अर्धवट वाचलेल्या नोंदी दुरुस्त करण्याच्या नावाखाली बदलून टाकतं. फॉरमॅट, डीफ्रॅग, आणि वाचवायच्या डिस्कवरच रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकणं, हेही असंच घातक.

आधी निदान करावं. बहुतेक सगळ्या डिस्का ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंद ठेवतात आणि ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यात 05 क्रमांकापुढे बदलून घेतलेल्या बॅड सेक्टरांची संख्या असते, सी5 पुढे वाचता न येणाऱ्या, निकाल लागायचा असलेल्या सेक्टरांची. हे आकडे वाढत असतील तर डिस्क मरणाच्या वाटेवर आहे. सी7 चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलली की प्रश्न मिटतो. डिस्क मेली असं समजण्याआधी केबल, यूएसबी पोर्ट, एसएमपीएस आणि बाहेरच्या डिस्कची डबी बदलून पाहावी. काही बाहेरच्या डिस्का मात्र डबीतल्या चिपमधूनच डेटा कुलूपबंद करतात; त्यांची डबी जपून ठेवावी.

गूगलने 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कपेक्षा 39 पट होती. त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तापमान सोडून दुसरी कुठलीच खूण आधी दाखवली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर थांबू नये, आणि दिसली नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.

डिस्क अजून दिसत असेल तर घरी करण्याजोगं सर्वोत्तम काम म्हणजे तिची संपूर्ण नक्कल. लिनक्सवर चालणारं ‘डीडी-रेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतं, अडलेल्या जागा बाजूला ठेवतं, कुठवर आलो याची नोंद करतं आणि मग अडलेल्या जागांकडे वळतं. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. नक्कल ज्यावर घ्यायची ती डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी, आणि मूळ कोणती, नवी कोणती हे दोनदा तपासून मगच आज्ञा द्यावी. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. फायली शोधण्याचं पुढचं काम नकलेवर करावं. मूळ डिस्क कपाटात जावी.

एसएसडीचं वेगळं गणित

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे फ्रीजर, ठोकणं, उलटी करणं यांतलं काहीही तिथे निरर्थक आहे. एक विचित्र वाटणारा उपाय मात्र क्रूशियल या कंपनीनेच दिलेला आहे: लाइट गेल्यानंतर एसएसडी दिसेनाशी झाली तर डेटाची केबल काढून तिला नुसती वीज देऊन सुमारे वीस मिनिटं ठेवायचं, वीज अर्धा मिनिट काढायची आणि हेच पुन्हा करायचं. तेवढ्या वेळात आतला नियंत्रक आपल्या विस्कटलेल्या नोंदी पुन्हा लावून घेतो. हे करून पाहण्यात जोखीम नाही. पण वापरून झिजलेली एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं गरम कपाटात ठेवली तर तिच्यातला विद्युतभार ओसरत जातो. जुने फोटो त्यावर टाकून विसरून जाऊ नये.

केव्हा थांबावं

डिस्क टकटकत असेल, खरखरत असेल, पडली किंवा भिजली असेल, आणि आतल्या डेटाची दुसरी प्रत नसेल, तर ताबडतोब वीज काढावी. अशा डिस्कला प्रत्येक वेळी चालू करून पाहणं म्हणजे तबकडीवर आणखी एक फेरा ओरखडे. खर्च झेपणारा नसेल तर ती तशीच बंद ठेवावी. बंद डिस्क कपाटात राहू शकते, पैसे जमल्यावर प्रयोगशाळेत नेता येते. आवाज नसेल, नुसती दिसत नसेल, तर केबल, अडॅप्टर, खोडरबर, डायोड या क्रमाने जावं.

आणि हे सगळं करण्याची वेळ येऊ नये यासाठीचा नियम छायाचित्रकारांच्याच धंद्यातून आला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला: डेटाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. खर्डीतल्या स्टुडिओवाल्याला हे सहज जमतं. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी लग्नघरालाच पेन ड्राइव्हवर देऊन टाकावी. ग्राहकही खूश आणि प्रतही गावाच्या दुसऱ्या टोकाला. घरातल्या फोटोंची एक प्रत कल्याण-ठाण्याला राहणाऱ्या भावंडाकडे ठेवावी. संगणकाला यूपीएस लावावा, आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की बाहेरची डिस्क आणि तिचा अडॅप्टर काढून ठेवावा.

दसऱ्याला आपण हत्यारांबरोबर संगणकाचीही पूजा करतो, 31 मार्चला हिशेब मिटवतो. 31 मार्च हा जगभर बॅकअपचा दिवस म्हणूनही पाळला जातो. या दोन दिवशी प्रती काढायच्या आणि जुन्या प्रती उघडून त्या खरंच चालतात का ते पाहायचं, एवढी सवय लावून घ्या. उघडून न पाहिलेली प्रत जमेस धरू नका. आणि आज तुमच्याकडे असा एखादा फोल्डर असेल जो एकाच डिस्कवर आहे, तर त्याची दुसरी प्रत आजच करा.